चाटलेलं हाड

माफ करणं मला जमत नाही. आई म्हणते, "डूख धरून बसतीस नागिणीवानी." बसते, खरं आहे. ज्या माणसाबद्दल लिहिते आहे त्याच्यावर मी ऐन तारुण्यात डूख धरला आणि केस पांढरे व्हायला लागले तरी सोडला नाही. मधल्या काळात मी शिकले, दूरच्या शहरात नोकरीला लागले, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या हाडांमधून डीएनए काढायचं काम करू लागले, लोक मला डॉक्टर म्हणायला लागले. पण तो माणूस आणि त्याच्या हातातला दुधाचा पेला मनातून हलला नाही. मला त्याच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं. तेही चारचौघांत.

हा माणूस म्हणजे आमच्या कॉलेजातले इतिहासाचे सर. सोलापुरात त्यांना केवढा मान! रस्त्यात दिसले तर रिक्षावालेसुद्धा हात जोडायचे. दर थंडीत ते उत्खननाचं शिबिर घ्यायचे. मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी, पण शिबिराला कुणालाही जाता यायचं आणि मला हाडं बघायची होती. आमचं घर विहाराच्या मागच्या वस्तीत. आई दवाखान्यात आया होती आणि वडील लवकर गेलेले. मुलगी टेकाड खणायला चालली आहे हे आईच्या डोक्यात शिरेना. "मानसं वर हायती ती सोडून गाडलेल्यांना कशाला बगायचं?" असं म्हणाली, आणि मग रात्रभर भिजवलेल्या मटकीची उसळ आणि कडक भाकऱ्यांची चवड बांधून दिली.

केम स्टेशनवर उतरलो, पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गावात गेलो. गावाच्या कडेला पांढरीचं टेकाड होतं. जुन्या वस्तीच्या मातीला आमच्याकडे पांढरी म्हणतात. गावातले लोक धाब्याच्या घरांच्या सपाट मातीच्या छपरांवर घालायला ती माती उकरून न्यायचे आणि तीत खापरं, मणी, कधी एखादं हाड निघायचं. सर सांगायचे, इथे तीन हजार वर्षांपूर्वी गुरं राखणारी माणसं राहत होती, दूध पिऊन धष्टपुष्ट झालेली, आणि तीच आपली पूर्वज. 'आपली' म्हणताना त्यांचा हात स्वतःच्या छातीकडे जायचा.

खंदकात त्यांनी आम्हाला एक गंमत शिकवली. मातीतून पांढुरका तुकडा निघाला की तो हाड आहे की दगड ते पटकन कळत नाही. मग तो पुसून जिभेला लावायचा. हाड असेल तर त्यातल्या बारीक छिद्रांमुळे ते जिभेला चिकटतं आणि दगड नुसता ओला होतो. जगभरचे जुने उत्खननवाले असं करत आले आहेत. सर तर प्रत्येक तुकडा चाटायचे, डोळे मिटून, एखादं लोणचं मुरलं का बघावं तसे. "हाड ओळखायचं तर जिभेला विचारा," हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. आम्हीही चाटले. मला तर फार मोठं काहीतरी शिकल्यासारखं वाटलं.

आता दुधाचं सांगते. सकाळी शाळेच्या व्हरांड्यात गवळी म्हशीचं दूध आणून द्यायचा. सर स्वतः पेले भरायचे आणि आम्ही एकेकाने त्यांच्या समोर उभं राहून पेला रिकामा करायचा. "उभ्याने घ्या. बसून प्यालेलं दूध अंगी लागत नाही." हे त्यांनी कुठून आणलं होतं देव जाणे. स्वतः मात्र ते लिंबू पिळून कोरा चहा घ्यायचे. आम्हाला वाटायचं, मोठ्या माणसांचं पथ्य असतं काहीतरी.

पहिल्या दिवशी मी निमूट प्याले. दुपारपर्यंत पोटात गडगडाट. शिबिरात मुलींसाठी धड आडोसा नव्हता, तुरीच्या शेतात जायचं आणि बांधावर एक मैत्रीण उभी करायची. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी पेला हातात घेतल्यावर मी म्हणाले, "सर, मला दूध पचत नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?"

मी काहीच म्हणाले नव्हते. सांगितलं. सर हसले. रागाने हसले असते तर बरं झालं असतं, पण ते प्रेमाने हसले आणि म्हणाले, "दूध पचायला पिढ्या जाव्या लागतात, मुली. ते रक्तात असावं लागतं. तुझा दोष नाही."

सगळे हसले. पहिल्यांदा हसला तो शिबिराचा प्रमुख, सरांचा लाडका विद्यार्थी. मग बाकीचे. माझ्यासाठी बांधावर उभी राहणारी मैत्रीणही हसली. मी तो पेला संपवला. का संपवला, हे मला अजून कळत नाही. आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून केमहून गाडीने घरी आले. सबंध वाटेत माझ्या डोक्यात 'तुझा दोष नाही' एवढंच वाजत होतं. शिवी दिली असती तर मी उलटून दिली असती. माफीला काय उत्तर देणार?

आईने दारातच विचारलं, "अशी का परत आलीस गं?"

"दूध प्याले. पोट बिघडलं."

"व्हय, आपल्याला कुटं सवय हाय," आई म्हणाली आणि ओव्याचं पाणी करायला आत गेली. आमच्या घरात दूध चहापुरतं यायचं आणि चहातच संपायचं. त्या रात्री मला ताप भरला, पण बाकीचं मी तिला सांगितलं नाही. पण त्या दिवशी मी ठरवलं की हे रक्ताचं प्रकरण काय आहे ते मी मुळापासून शिकणार आणि एक दिवस या माणसाचे शब्द त्याच्या घशात घालणार. माझ्या संशोधनाची प्रेरणा काय, असं मुलाखतीत विचारतात तेव्हा मी ज्ञानाची ओढ वगैरे सांगते. खोटं असतं ते. खरी प्रेरणा सूड होता.

शिकले आणि मग हसू आलं, कारण सरांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. तान्ह्या बाळाला दूध पचतंच. अंगावरचं दूध सुटलं की जगातल्या बहुतेक माणसांचं ते पचवण्याचं यंत्र हळूहळू बंद पडतं. हाच मूळचा नियम. काही लोकांच्या डीएनएमध्ये एका जागी एकच अक्षर बदललेलं असतं आणि त्यांचं यंत्र म्हातारपणीही चालू राहतं. जिथे माणसं गुरांच्या मागे फिरत होती, दुष्काळात दुधावर तगत होती, तिथे हे अक्षर असलेल्यांची पोरं जास्त जगली, त्यांचीही पोरं जगली आणि अक्षर पसरत गेलं. याला नैसर्गिक निवड म्हणतात. पूर्वी हे आजच्या माणसांवरून ताडावं लागायचं. आता वेगवेगळ्या काळातली हाडं घेऊन त्या त्या वेळी किती लोकांत ते अक्षर होतं ते बघता येतं, घरातल्या चौकटीवर पोराच्या उंचीच्या खुणा बघाव्यात तसं. थंड मुलुखांत हे काम झालं आहे. तिथली माणसं ते अक्षर यायच्या कितीतरी आधीपासून दूधदुभतं खात होती, बहुधा दही-ताक करून. दूध पचत नाही यात कमीपणा कुठेच नव्हता. ज्याला पचतं तोच नियमाला अपवाद होता.

पण हे मी परगावी, परक्या हाडांवर शिकले. मला हवी होती ती आमच्या पांढरीची हाडं. त्या टेकाडावरची माणसं दूध पचवत होती का, हे मला सोलापुरात, सरांच्या समोर, त्यांच्या शिष्यांच्या समोर सांगायचं होतं. मला खात्री होती की पचवत नव्हती. 'सर, तुमच्या पूर्वजांनाही माझ्यासारखंच होत होतं' हे भाषण मी आंघोळ करताना कितीदा तरी केलं आहे.

हाडं सरांकडे होती. कागदोपत्री ती कॉलेजच्या संग्रहातली, पण काचेचं कपाट सरांच्या शुक्रवार पेठेतल्या घरात होतं. रीतसर परवानग्या काढून मी गेले. आता मी डॉक्टर होते, दुसऱ्या शहरातल्या संस्थेतून आलेली. आडनाव लग्नानंतरचं होतं आणि ते ऐकून त्यांना काही बोध होणारा नव्हता. त्यांनी मला ओळखलं नाही. याने मला आनंद व्हायला हवा होता, पण तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाला मी रोज आठवत होते त्याच्या लेखी मी कधी नव्हतेच.

सर खूश होते. आता विज्ञानच त्यांचा सिद्धांत पक्का करणार होतं. त्यांनी कपाट उघडलं, एका कवटीचा कानाजवळचा भाग काढला. हेच आम्हाला हवं असतं. कानाच्या आतल्या बाजूचं हाड दगडासारखं घट्ट असतं आणि डीएनए टिकला तर तिथेच टिकतो. मी पिशवीतून हातमोजे काढेपर्यंत सरांनी ते उचललं आणि "बघा, अजून चिकटतं," म्हणत जिभेला लावलं.

माझ्या तोंडून "अहो!" एवढंच निघालं.

"घाबरू नका, पवित्र आहे ते," सर म्हणाले. "घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो मी. गेली कित्येक वर्षं."

म्हणजे कित्येक वर्षं त्या हाडाला थुंकीची आंघोळ चालली होती. तुटलेल्या कडेला छिद्रं होती, ओल आत शोषली जाणारच. नियमाप्रमाणे हाड हाताळणाऱ्या प्रत्येकाचा नमुना घ्यावा लागतो, कारण हाडात आजच्या माणसाचा डीएनए मिसळला असेल तर तो ओळखता यावा. मी सरांच्या गालाच्या आतून कापसाचा फाया फिरवून घेतला. त्यांचा स्वतःचा निकाल त्यांना कळवायला हवा का, असं विचारलं. सर हसले.

"माझं मला माहीत आहे. त्यात काय बघायचं?"

चहा आला. त्यांचा कोरा, लिंबू पिळलेला.

प्रयोगशाळेत निकाल आला तेव्हा मी खुर्चीत बसूनच राहिले. जुन्या डीएनएची ओळख असते. तो बारीक बारीक तुकड्यांचा असतो आणि तुकड्यांची टोकं विशिष्ट प्रकारे झिजलेली असतात. उष्ण प्रदेशात तेवढाही उरत नाही. सोलापूरच्या उन्हाने त्या माणसाला आतून पुसत आणलं होतं. अगदी थोडे झिजके तुकडे होते, पण त्यांच्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी लांबलचक, धडधाकट, काल-परवाचा डीएनए येऊन बसला होता. पुरुषाचा, म्हणजे शिबिरात मी हाडं चाटली होती त्याचा हा परिणाम नव्हे. फायाशी ताडून पाहिलं. सरांचाच.

उरलेल्या झिजक्या तुकड्यांतून काही सांगणं शक्य नव्हतं. ज्या माणसाला विचारायला मी एवढी वर्षं धावत आले होते त्याचं तोंड सरांच्या जिभेने कायमचं बंद केलं होतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. रागाने रडले. जिवंत माणसांना बोलू दिलं नाही ते नाहीच, मेलेल्यालाही दिलं नाही.

मग डोळे पुसले आणि जे हाताशी होतं ते पाहिलं. फायातल्या त्या एका जागेवरचं अक्षर. सरांकडे दूध पचवणारं अक्षर नव्हतं. ना आईकडून आलेलं, ना वडिलांकडून. लिंबू पिळलेला कोरा चहा. तुरीच्या शेतात मी ज्या वेदनेने वाकले होते ती त्यांना लहानपणापासून ठाऊक असणार, आणि तरी ते पेले भरत उभे राहिले.

हे कुणालाही सांगायची मला परवानगी नव्हती. माणसाचा डीएनए त्याचा स्वतःचा असतो. तो चोरून वाचून चव्हाट्यावर मांडणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप. ते मी केलं नसतं आणि केलंही नाही. पण नियम होता तो सांगण्याबद्दल. दूध देण्याबद्दल कुठलाही नियम नव्हता.

सरांचा अमृतमहोत्सव ठरला होता. पुढाकार होता शिबिराच्या त्या प्रमुखाचा, माझ्यावर पहिल्यांदा हसणाऱ्याचा. आता तो स्वतः कॉलेजचा प्राचार्य होता. संशोधनाचा निकाल मी त्याच व्यासपीठावर सांगावा असा त्यांचा आग्रह. मी फोनवर म्हणाले, "शाल-श्रीफळ तर सगळेच देतात. सरांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना दूध पाजलं. आपण सत्कारात त्यांना एक पेला केशरी दूध दिलं तर?"

"वा! काय कल्पना आहे मॅडम!" प्राचार्य म्हणाला. "तुमच्याच हातून देऊ."

त्यालाही मी आठवत नव्हते.

कार्यक्रमाला आईला घेऊन गेले. गुडघे दुखत असूनही ती नवं इरकल नेसून पहिल्या रांगेत बसली. सभागृह भरलं होतं. आधी सरांची प्रकट मुलाखत झाली. कॉलरला छोटा माइक लावून सर रंगात आले. टेकाड, गुरं, दूध पिणारे पूर्वज, रक्त, परंपरा. आणि मग ठेवणीतला किस्सा: "हाड ओळखायचं तर जिभेला विचारा! कपाटातलं एकही हाड असं नाही जे मी चाटलेलं नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून.

सत्कारासाठी माझं नाव पुकारलं गेलं. चांदीच्या तबकात पेला. वर पिस्त्याचे काप. सर मखमली खुर्चीत बसले होते. मी पेला पुढे केला, त्यांनी तो हातात घेतला, कपाळाला लावला आणि शेजारच्या टेबलावर ठेवू लागले.

"नाही सर, घ्या ना," मी म्हणाले. "सगळे बघतायत."

"घेतो नंतर."

"आत्ता घ्या. आणि उभ्याने. बसून प्यालेलं दूध अंगी लागत नाही."

त्यांनी झटकन वर पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर ते काहीतरी शोधत होते. "तुम्ही... शिबिराला होता का? केमच्या?"

"होते ना सर. आडनाव सांगू? तेव्हाचं?"

सरांचा चेहरा उतरला. त्यांना मी आठवले की नुसतं ते वाक्य आठवलं, मला माहीत नाही. पेला हातात धरून ते उठले. ओठांपर्यंत नेला. समोर सगळं सोलापूर मोबाइल वर करून बसलेलं. मी बरोबर तितक्याच अंतरावर उभी होते जितक्या अंतरावर तेव्हा ते उभे होते. माझ्या मनात दया नव्हती. असती तर लिहिलं असतं.

"मला नाही पचत हो दूध," ते पुटपुटले.

पुटपुटले माझ्यासाठी. पण मुलाखतीचा माइक कॉलरला तसाच होता आणि ते वाक्य सभागृहाच्या चारी कोपऱ्यांतून घुमलं.

मिळालं. याचसाठी मी जगले होते असं म्हटलं तरी चालेल. मी कान टवकारून उभी राहिले. आता हसतील. आता कुणीतरी पहिल्यांदा हसेल.

कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतून आवाज आला, "असू दे, असू दे सर!" दुसरा म्हणाला, "वय झालं की होतंच." प्राचार्य धावत आला, पेला काढून टेबलावर ठेवला, "अरे, सरांसाठी लिंबूसरबत आणा कुणीतरी!" म्हणून ओरडला आणि सरांना दोन्ही दंडांना धरून हळूच खुर्चीत बसवलं. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

तेच वाक्य होतं. शब्दही तेच. त्यांच्या पोटाला वय होतं, माझ्या पोटाला आडनाव होतं.

तोवर मी ठरवलं होतं की भाषणात नुसतं 'नमुन्यातून निष्कर्ष निघाला नाही' एवढंच म्हणायचं आणि बसायचं. ते सरबत आलेलं पाहिलं आणि विचार बदलला. मी माइकसमोर गेले आणि सावकाश, एकही शब्द चढ्या आवाजात न उच्चारता सांगितलं.

"या टेकाडावरच्या माणसांना दूध पचत होतं की नाही, हे मला सांगता येणार नाही. आता कुणालाच येणार नाही. बरंचसं आपल्या उन्हाने नेलं. जे थोडं उरलं होतं ते एका माणसाच्या लाळेखाली गाडलं गेलं. त्या हाडात आम्हाला भरपूर डीएनए मिळाला, पण तो तीन हजार वर्षांपूर्वीचा नाही. तो आजच्या काळातल्या एका पुरुषाचा आहे. ती व्यक्ती कोण, हे सांगण्याची मला परवानगी नाही आणि मी सांगणारही नाही."

मग एक मान वळली, मग दुसरी, मग सगळ्या. अर्ध्या तासापूर्वी त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ना त्या जिभेला.

"एवढं मात्र सांगते," मी म्हणाले. "दूध पचणं एका अक्षरावर ठरतं. ते अक्षर कुणाच्या घरी जायचं ते आडनाव विचारून ठरवत नाही. मोठमोठ्या घराण्यांत नसतं. कुठल्या वस्तीत निघेल सांगता येत नाही."

सर खाली बघत होते. सरबताला त्यांनी हात लावला नव्हता. प्राचार्याने आभारप्रदर्शन उरकलं आणि शिष्यांनी सरांना बाजूच्या दाराने नेलं. जाताना ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं होतं. बघितलं नाही. मला वाटलं होतं, छातीवरचा दगड उतरेल. तोही उतरला नाही. राग तसाच होता. फक्त तो आता मला एकटीला सांभाळावा लागणार नव्हता.

लोक पांगले. मी आईला न्यायला वळले तर ती जागेवर नव्हती. गुडघ्यांवर हात टेकत ती पायऱ्या चढून व्यासपीठावर गेली होती आणि टेबलावरच्या पेल्यात वाकून बघत होती.

"हे कुनाचं हाय गं?"

"कुणाचंच नाही आता."

"मग वाया कशाला घालवायचं? केशर हाय ह्यात," असं म्हणून ती सरांच्या मखमली खुर्चीत नीट टेकून बसली, पदर सावरला आणि पेला उचलला.

"आई, नको. तुझं पोट बिघडेल. मला पचत नाही, म्हणजे तुलाही..."

"मला पचतं का न्हाय ते मला काय म्हाईत?" आई म्हणाली. "जन्मात कदी पेलाभर मिळालंच न्हाय, मग कळनार कसं?"

आई घोट घोट पीत होती, पिस्ते चावत होती, मधूनच रिकाम्या सभागृहाकडे बघत होती. खुर्च्या उचलणारी माणसं थांबून तिच्याकडे पाहायला लागली.

"बसून पितेस?" मी शेवटी विचारलं.

"मग? हुबी ऱ्हायला मी काय चोरी केली व्हय?"

रात्री मी ओवा काढून ठेवला. सकाळी ती माझ्याआधी उठलेली, अंगण झाडून झालेलं. मी विचारलं, "पोट कसं आहे?"

"कुनाचं?"

एका पेल्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण मी गल्लीच्या कोपऱ्यावर गेले आणि दुधाची मोठी पिशवी घेऊन आले. आईने पेला भरला, पाय पसरून उंबऱ्यात बसली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. मग तोंड पुसून म्हणाली, "तुज्या सरांना सांग, आमाला पिढ्या लागल्या न्हाईत. दूध लागलं नुसतं."

ती शिबिरातली गोष्ट मी तिला कधीच सांगितली नव्हती. "तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तवा तापात बडबडली होतीस की," आई म्हणाली, आणि पुन्हा पेला पुढे केला.